सलूनमधलं मँडोलिन

मिरजेत वाढलेल्या माणसासमोर ‘बेंजो’ म्हटलं की काय उभं राहतं, ते मिरजेच्याच माणसाला कळेल. अनंतचतुर्दशीची रात्र, रस्ताभर स्वागतकमानी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत, जनरेटरचा धूर, आणि या सगळ्याच्या मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेला एक घामाघूम माणूस. त्याच्यापुढे टाइपरायटरसारखी बटणं असलेली लांबोडकी पेटी. डाव्या हाताने बटणं, उजव्या हाताने तारा, आणि समोरची अख्खी गल्ली अंगात आल्यासारखी. आमचा बेंजो तो हा. हे वाद्य मुळात जपानी आहे, १९१२ च्या सुमारास नागोयामध्ये गोरो मोरिता नावाच्या माणसाने काढलेलं ‘ताइशोगोतो’ आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं आणि मिरवणुकीत शिरल्यावर बेंजो झालं, हा इतिहास मला पुष्कळ उशिरा कळला. तोवर मी अमेरिकेत पोचले होते.

२०१५ च्या सप्टेंबरात मी नॉर्थ कॅरोलिनातल्या रॉली शहरात नवी होते. ऑफिसातला एकजण म्हणाला, शनिवारी डाउनटाउनला ये, रस्ते बंद करून फुकट गाणं असतं, बँजो असतो. गणपतीचेच दिवस होते. मी म्हटलं, चला, इथेही ट्रॉली. गेले तर फेयेटव्हिल स्ट्रीटवर एका छोट्या मंचावर पाच माणसं एकाच मायक्रोफोनभोवती दाटीवाटीने उभी. ड्रम नाही, की-बोर्ड नाही, कशालाच वायर नाही. या संगीताचं नाव ब्लूग्रास. ज्याची वाजवायची पाळी तो खांदा पुढे काढून माइकपाशी शिरायचा, त्याचं झालं की अंग चोरून मागे, तेवढ्यात दुसरा पुढे. दहीहंडीच्या थरांमध्येही इतकी शिस्त नसेल. आणि बँजो? गोल, चामड्याने मढवलेला, लांब मानेचा. पेटीशी त्याचं काही नातं नव्हतं.

पण कान टवकारले ते वेगळ्याच गोष्टीने. त्या चार तारांच्या धबधब्यात एक बारीक उंच सूर मधूनमधून टिचकत होता. चाल कुठेही जावो, हा सूर आपल्या जागेवर. मला वाटलं, अरे, ही तर चिकारी! मी लहानपणी सहा वर्षं सतार शिकले आणि शिक्षकांच्या मते सहाही वर्षं वाया घालवली. पण चिकारीचा टिचका कानातून गेला नाही. नंतर जवळून पाहिलं. बँजोला पाचवी तार असते, ती बाकीच्या तारांपेक्षा आखूड. तिची खुंटी वर डोक्याशी नसते, मानेच्या मध्यावर पाचव्या पडद्याशी एकटीच बाजूला उगवलेली असते. अंगठ्याने वाजवायची. ती स्वर बदलत नाही, चालीला धरून राहते. म्हणजे चिकारीच. वर्ल्ड म्युझिकवाले दोन संस्कृतींचं मीलन वगैरे जे बोलतात त्याच्याशी याचा संबंध नाही. तार लावून चालीला आधार द्यायचा, ही गरज दोन ठिकाणच्या माणसांना स्वतंत्रपणे सुचली, इतकंच.

आणि ती गरज केंटकीच्या गोऱ्या शेतकऱ्याला सुचलेली नाही. पश्चिम आफ्रिकेत, सेनेगल-गांबियाकडे जोला लोकांचं ‘अकोंटिंग’ म्हणून वाद्य आहे. त्यालाही अंगठ्याने वाजवायची आखूड तार असते, चामडं असतं, आणि खाली भोपळा असतो. हो, भोपळा. पंढरपूरच्या बाजूने मिरजेत सतारींसाठी भोपळे येतात, ते लहानपणी रचून ठेवलेले पाहिलेत मी; त्यामुळे त्या वाद्याचा फोटो पाहिला तेव्हा मला कोणी नातेवाईक भेटल्यासारखं झालं. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांनी हे वाद्य हाताबरोबर नाही, डोक्यात आणलं आणि अमेरिकेत पुन्हा बनवलं. पुढे गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून त्यांची नक्कल करता करता ते उचललं, आणि शंभरेक वर्षांत बँजो म्हणजे डोंगरातला गोरा माणूस, असं समीकरण होऊन बसलं. २०१७ मध्ये रॉलीतच, ब्लूग्रासवाल्यांच्या वार्षिक परिषदेत, रिआनन गिडन्स या ग्रीन्सबरोच्या गायिकेने हा विषय थेट त्यांच्याच व्यासपीठावरून मांडला. मला ते आवडलं. घरातली जुनी भांडणं घरातच मोठ्याने बोलावीत.

तर ब्लूग्रास. मला ते ऐकल्याबरोबर फार जुनं वाटलं होतं, ओवीइतकं जुनं. निदान दोनेकशे वर्षांचं तरी असेल, असं मी धरून चालले होते. पण माझी आजी १९३१ ची, आणि हे संगीत तिच्याहून चौदा वर्षांनी लहान निघालं! त्याला वाढदिवससुद्धा आहे. ८ डिसेंबर १९४५ रोजी नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात, ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात, बिल मन्रोच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या संचात एकवीस वर्षांचा अर्ल स्क्रग्ज बँजो घेऊन पहिल्यांदा उभा राहिला. तीन बोटांनी, तोही घोड्याच्या टापांच्या वेगाने वाजवत. याआधी बँजो बहुधा विनोदी माणसाच्या हातात असायचा. स्क्रग्ज हसला नाही, त्याने नुसतं वाजवलं, आणि लोक वेडे झाले. पुढच्या सप्टेंबरात शिकागोत त्या संचाची ध्वनिमुद्रणं झाली आणि साचा पक्का झाला. नाव मात्र संचावरून नंतर पडलं, पन्नाशीच्या दशकात.

नावाचीही एक गंमत आहे. ब्लू ग्रास म्हणजे केंटकीचं प्रसिद्ध गवत. ते निळं नसतं, आणि मुळात युरोपातून आलेलं आहे. ते ज्या भागात पसरलंय तो घोड्यांच्या फार्मचा श्रीमंत मुलूख राज्याच्या मध्यात. मन्रोचं गाव रोझीन पश्चिमेला, कोळशाच्या बाजूला. मी तिथे एकदा दहा तास गाडी चालवून गेले. गाव म्हणजे काय, एक चौक, एक दफनभूमी, एक कोठार. शुक्रवारी संध्याकाळी त्या कोठारात लोक जमतात आणि वाजवतात. मला बसायला खुर्ची दिली, खायला ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ दिला, कुठली म्हणून विचारलं. मिरज म्हटल्यावर जो चेहरा झाला, तो मी रोझीन म्हटल्यावर आईचा झाला होता तसाच.

या मन्रोला मँडोलिन हवं होतं असं मुळीच नाही. आठ भावंडांत शेंडेफळ, डोळे तिरळे, दृष्टी अधू. बर्च नावाच्या भावाने फिडल घेतलं, चार्लीने गिटार घेतली, उरलं ते मँडोलिन याच्या वाट्याला. थोरल्यांच्या अंगाला होत नाहीत ते कपडे धाकट्याला, तशातला प्रकार. आणि त्याच्या आठही तारा लावायच्या नाहीत, चारच लावायच्या, म्हणजे आवाज फार व्हायचा नाही, असं त्याला बजावलं होतं म्हणे. दहाव्या वर्षी आई गेली, सोळाव्या वर्षी वडील. मग तो मामाकडे राहिला; पेंडल्टन व्हँडिव्हर, लंगडा मामा, गावच्या नाचांना फिडल वाजवणारा. त्याच मुलखात अरनॉल्ड शुल्ट्झ नावाचा काळा गिटारवादक होता, खाणीतही काम करायचा. त्याच्या मागे बसून मन्रोने नाचांना साथ केली आणि ब्लूज या काळ्या लोकांच्या संगीतातली ओढ त्याच्याकडून उचलली. शुल्ट्झचं एकही ध्वनिमुद्रण नाही. तो १९३१ मध्ये गेला. त्याचं वाजवणं आता फक्त दुसऱ्यांच्या वाजवण्यात ऐकू येतं, तेही येतं असं आपण म्हणायचं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्या लाकडाकडे येते.

मिशिगनमधल्या कॅलामझू गावी गिब्सन कंपनीत १९१९ पासून लॉइड लोअर नावाचा एक माणूस कामाला होता. स्वतः मँडोलिन वाजवायचा, व्हायोला वाजवायचा, ध्वनिशास्त्राचं वेड. त्याने १९२२ मध्ये एफ-५ नावाचं मँडोलिन आणलं. व्हायोलिनसारखी कमानदार कोरलेली पाटी, व्हायोलिनसारखीच दोन बाजूंना दोन ‘एफ’ आकाराची छिद्रं, एका बाजूला शंखासारखी वळलेली गुंडाळी. आतली लाकडं ठोकून, ऐकून, स्वराला लावलेली. आत एक छापील चिठ्ठी, तिच्यावर तारीख आणि लोअरची सही. वाद्य तपासलं, लावलं, मंजूर केलं, असा मजकूर. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर मँडोलिनच्या वाद्यवृंदांसाठी. त्या काळी अमेरिकेत गावोगावी असे वृंद होते, तीस-तीस माणसं मिळून पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवायची.

होते, म्हणजे होऊन गेले होते. लोअरचं सर्वोत्तम मँडोलिन बाजारात आलं तेव्हा मँडोलिनची लाट ओसरली होती. लोकांना जॅझ हवा होता. एफ-५ फारसं खपलं नाही. १९२४ च्या शेवटी लोअर कंपनीतून बाहेर पडला, पुढे विजेच्या वाद्यांचे प्रयोग केले, तेही चालले नाहीत, मग प्राध्यापकी केली आणि १९४३ मध्ये गेला. ज्या वाजवण्यामुळे त्याची सही लाखावर डॉलरची झाली, ते वाजवणं त्याच्या कानावर कधी पडलंच नाही. दोन वर्षांनी चुकामूक झाली.

त्याच्या सहीचं एक एफ-५, ९ जुलै १९२३ तारखेचं, पुढे मायामीतल्या एका सलूनमध्ये खिडकीत विक्रीला लावलेलं होतं. चाळिशीच्या दशकात बिल मन्रो तिथून चालला होता. दीडशे डॉलर. त्याने घेतलं, आणि पुढची पन्नास वर्षं त्याच्या हातात तेच राहिलं.

मला या गोष्टीतलं सलून फार आवडतं. दाढीचा साबण, पावडरचा डबा, आरशापुढे मान टाकून बसलेलं गिऱ्हाईक, आणि खिडकीत हे. कोणीतरी शिकायला म्हणून घेतलं असेल, शिकणं झालं नसेल (माझी सतार आठवते), पैशांची नड आली असेल. या संगीतातली बहुतेक थोर वाद्यं अशाच वाटांनी आलीत. स्क्रग्जने जन्मभर वाजवलेला गिब्सन ग्रॅनाडा बँजो आधी गहाणवटीच्या दुकानातून सुटलेला, मग हातोहात फिरून डॉन रीनो या दुसऱ्या बँजोवाल्याबरोबर अदलाबदलीत स्क्रग्जकडे आलेला. क्लॅरन्स व्हाइट या गिटारवादकाची १९३५ सालची मार्टिन डी-२८ गिटार त्याने पैशांसाठी ओळखीच्या माणसाकडे ठेवली ती ठेवलीच. १९७३ मध्ये एका दारूड्या ड्रायव्हरने उडवून व्हाइट एकोणतिसाव्या वर्षी गेला. पुढे मोठा ब्लूग्रास गिटारवादक झालेल्या टोनी राइसने लहानपणी, नऊ वर्षांचा असताना, व्हाइटच्या हातात ती गिटार पाहिली होती, वाजवूनही पाहिली होती. १९७५ मध्ये त्याने ती शोधून काढली आणि साडेपाचशे डॉलरला घेतली. तिचं मधलं भोक कोणीतरी कोरून मोठं केलेलं, मानेवरची पट्टी बदललेली. पुढे १९९३ च्या वादळात फ्लोरिडातल्या घरात पाणी शिरून ती बुडाली. वाळवून, दुरुस्त करून राइस तीच वाजवत राहिला. संग्राहकाच्या हिशेबाने ती गिटार बाद. आज ब्लूग्रास गिटारचा आवाज म्हणजे तीच.

मन्रोच्या मँडोलिनची गोष्ट याहून भांडकुदळ आहे. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने ते दुरुस्तीला कंपनीकडे धाडलं. काही महिने गेले, परत आलं तर सांगितलेली सगळी कामं झालेली नव्हती. मन्रोने खिशातला चाकू काढला आणि वाद्याच्या माथ्यावर शिंपल्यात जडवलेलं ‘द गिब्सन’ यातलं ‘गिब्सन’ खरवडून टाकलं. ‘द’ राहू दिलं. पुढची तीसेक वर्षं तो देशभर ते ‘द’ मिरवत वाजवत राहिला. १९८० मध्ये समेट झाला तेव्हा कंपनीने माथा नीट करून दिला. राग धरावा तर असा. आमच्याकडे लग्नात मानपानावरून बिनसलेली घरं तीस वर्षं टिकवतात, पण त्यांना चाकूकाम जमत नाही.

आणि मग १९८५ चा नोव्हेंबर. मन्रो घरी नसताना कोणीतरी घरात शिरलं आणि शेकोटीतली लोखंडी सळई घेऊन त्याची दोन लोअर मँडोलिनं ठेचली. कोणी, कशासाठी, उलगडलं नाही. चोरी करायची असती तर एक उचललं असतं तरी आयुष्य निघालं असतं. गिब्सनमधल्या चार्ली डेरिंग्टनने ते शेकडो तुकडे गोळा केले. काही ढलप्या काडेपेटीच्या काडीएवढ्या. भिंगाखाली रेषा जुळवत जुळवत त्याने मुख्य मँडोलिन पुन्हा उभं केलं आणि १९८६ च्या फेब्रुवारीत मन्रोच्या हातात दिलं. मन्रोने ते आणखी दहा वर्षं वाजवलं.

आज ते नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये काचेत आहे. मी पाहिलं. सांगायला हरकत नाही, माझा थोडा हिरमोड झाला. वार्निश उडालेलं, पाटीवर करंगळी घासून घासून पांढरा पडलेला भाग, काळसर कडा. सगळं जसं असायला हवं तसं, आणि मुकं. आमच्याकडे तंबोरा नुसता भिंतीला टेकवलेला असला तरी खोलीत कोणी मोठ्याने बोललं की गुणगुणतो. काचेपलीकडे ते होत नाही.

जुन्या वाद्याचा आवाज खरंच चांगला असतो का, यावर भांडायला मी आता पुरेशी शिकलेय. आमच्या मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीतले एक म्हातारे कारागीर म्हणायचे, लाकूड वाजून वाजून पिकतं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घरातल्या फरीदसाहेबांनी तिथे १८५० च्या सुमाराला सतारी करायला घेतल्या, तेव्हापासूनची ही वाक्यं. त्यांच्याशी वाद घालायची माझी टाप नाही. पण २०१० मध्ये इंडियानापोलिसला एक प्रयोग झाला होता. एकवीस व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढवून त्यांना तीन नवी आणि तीन जुनी व्हायोलिनं दिली. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हरी, एक ग्वार्नेरी. बहुतेकांनी पसंती नव्याला दिली आणि जुनं कुठलं हे धड ओळखता आलं नाही. हे वाचून मला गुदगुल्या झाल्या होत्या. तरीही नवं आणि जुनं समोर ठेवलं तर हात जुन्याकडे जातो, हेही खरं. कानाचं आणि हाताचं जमत नाही, त्याला काय करणार.

गिटारच्या बाबतीत मात्र ‘जुनं ते वेगळं’ याला लाकडी कारण आहे. मार्टिन कंपनीच्या युद्धापूर्वीच्या डी-२८ साठी लोक जीव टाकतात. तिची पाटी अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरातल्या तांबड्या स्प्रूसची; ती मोठी झाडं पुढे संपत आली. आतल्या आधारपट्ट्या तासून मधे पातळ केलेल्या, ते १९४४ मध्ये बंद झालं, कारण जाड तारांचा ताण पेलेना. कडेची माशाच्या काट्यासारखी नक्षी जर्मनीहून यायची, युद्धाने ती वाट बंद झाली, साठा १९४७ च्या आसपास संपला. आणि पाठ ब्राझीलच्या रोझवुडची. ब्राझीलने अखंड ओंडके बाहेर जाऊ देणं थांबवलं तेव्हा, १९६९ मध्ये, मार्टिनने लाकूड बदललं. नवं लाकूड कुठलं? तर भारतातलं रोझवुड. पश्चिम घाटातलं. म्हणजे शिसव.

हे मला इथल्या दुरुस्तीवाल्या आजोबांनी सांगितलं, सत्तरच्या दशकातल्या एका गिटारची पाठ माझ्याकडे वळवून. काळपट जांभळं लाकूड, सरळ रेषा. मी वाकून वास घेतला. आमच्या वाड्यातलं देवघर शिसवीचं होतं, आजीचा पाट शिसवीचा, आणि पानाच्या डब्याखालचं स्टूलही. जुन्या गिटारचे भक्त या बदलाबद्दल अजून हळहळतात. १९६९ नंतरची म्हटली की ‘हं, इंडियन’ म्हणून पुढे सरकतात. मला त्या ‘हं’चा राग येतो. पाट काय वाईट वाजतो का?

त्या आजोबांकडे मी गेले माझं मँडोलिन घेऊन. त्याआधी एकदा फसले होते: इंटरनेटवर युद्धापूर्वीची म्हणून घेतलेली गिटार निम्मी नव्या लाकडाची निघाली, विकणारा गायब. त्यामुळे पुढचं वाद्य हातात घेऊन, आत आरसा घालून पाहूनच घ्यायचं ठरवलं होतं. एका घरात म्हातारी वारली होती, मुलं सामान विकत होती. माळ्यावरच्या पेटीत होतं गिब्सनचं ए मॉडेल, १९१८ च्या सुमाराचं. एफ-५ चं गरीब भावंड म्हणा. गुंडाळी नाही, साधा थेंबासारखा आकार, मधे लंबगोल भोक. त्या काळी गिब्सन असली मँडोलिनं दुकानांपेक्षा शिकवणाऱ्यांमार्फत जास्त विकायची. मास्तर शिकवणीही घ्यायचे आणि हप्त्यावर वाद्यही द्यायचे. म्हातारीच्या आईने घेतलं असेल, वर्गात जाऊन. वाटीभर धूळ, आठांपैकी तीन तारा, पाटीला चीर आणि मागचा जोड उघडा. मुलाने सांगितलेल्या किमतीत घासाघीस करायचं मला सुचलं नाही, पुण्यात नांदून आलेली असूनही.

आजोबांनी ते टेबलावर ठेवलं, बोटांच्या पेरांनी टकटक केलं आणि म्हणाले, “पाठ बर्चची आहे. मान जाड आहे, मधे लोखंडी सळई नाही, ती १९२१ नंतर आली. जगेल.” मग शेगडीवर एक भांडं ठेवलं. त्या वासाने मी तीस वर्षं मागे गेले. सरस! जनावराच्या कातड्यापासून काढलेला, सुताराच्या दुकानातला तो उग्र, ओशट वास. ते म्हणाले, जुनी वाद्यं सरसानेच जोडलेली असतात आणि दुरुस्तीही सरसानेच करायची. कारण वाफ आणि ऊब दिली की सरस सुटतो. पन्नास वर्षांनी दुसऱ्या कोणाला हे वाद्य उघडावं लागेल, त्याची सोय आपण ठेवायची. आधुनिक गोंद सुटत नाही, लाकूड फाडतो. “वार्निश नवं करून द्याल का?” असं मी विचारलं तेव्हा मात्र त्यांनी चष्मा काढला. जुन्यावर नवं वार्निश मारणं हे त्या लोकांत महापाप. आमच्याकडे उलट, वाढदिवसाला तांब्या-पितळ चिंचेने लख्ख केल्याशिवाय आईला चैन पडत नाही. तिच्या हाती हे मँडोलिन गेलं असतं तर पितांबरी लावून परत मिळालं असतं.

एवढं करून ते ब्लूग्रासला फारसं चालत नाही, हे मला नंतर समजलं. ड्रम नसल्यामुळे ठेका मँडोलिनने द्यायचा असतो. सम सोडून मधल्या मात्रेवर सगळ्या तारा एकदम मारायच्या आणि लगेच डावा हात ढिला करून आवाज तोडायचा. चट्. याला चॉप म्हणतात. एफ-५ चा चॉप सुऱ्यासारखा कोरडा येतो. माझ्या लंबगोल भोकाच्या मँडोलिनचा चॉप पोह्यावर पडलेल्या दह्यासारखा येतो. दर गुरुवारी मी ज्या गॅरेजमध्ये वाजवायला जाते तिथे पहिल्या दिवशी एका पांढऱ्या दाढीवाल्याने ऐकून म्हटलं, “गोड आहे.” ती तारीफ नव्हती.

ते गॅरेज म्हणजे आमच्या आजोबांच्या भजनी मंडळाचा लांबचा भाऊबंद. गोल करून बसायचं. एकजण चाल सुरू करतो, पट्टी सांगतो, मग पाळी उजव्या हाताने फिरते. चक्री भजनात एकाने अभंग सोडला की ठेका न तुटता दुसऱ्याने उचलायचा असतो, तसंच. आपली पाळी नको असेल तर मान हलवायची, ती पुढच्याकडे जाते. संपवायचं असेल तर सुरू करणारा एक पाय उचलतो. पुस्तक नाही, नोटेशन नाही. जमलेल्यांत एक निवृत्त ट्रकचालक, एक दाताचे डॉक्टर, एक सतरा वर्षांचा मुलगा जो सगळ्यांना खाऊन टाकतो. राजकारणावर बोलायचं नाही असा न बोललेला करार आहे, आणि तो करार मोडला तर काय होईल याची कल्पना प्रत्येकाला आहे. मी पहिले चार महिने मान हलवत होते. पाचव्या महिन्यात पाळी घेतली, आठ मात्रांनंतर हरवले, दाढीवाल्याने डोळ्यांनी सम दाखवली, परत आले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तेच बरं वाटलं.

त्या सतरा वर्षांच्या मुलाने मला एकदा विचारलं, “तुमच्याकडचा तो तबल्याचा माणूस ठाऊक आहे का?” झाकीरभाई! बँजोवाला बेला फ्लेक, बेसवाला एडगर मायर, बासरीला राकेश चौरसिया आणि तबल्यावर झाकीर हुसेन, ही रेकॉर्ड २०२३ ची. पुढच्या फेब्रुवारीत तिला ग्रॅमी मिळाली. या पोराला तिच्यातला बँजोचा हरेक तुकडा पाठ होता, आणि आता तो साडेसात मात्रांचं काय करायचं म्हणून माझ्याकडे पाहत होता. माहीममध्ये वाढलेल्या माणसाचं नाव कॅरोलिनातल्या गॅरेजमध्ये असं सहज निघालं, याचा मला जो अभिमान वाटला त्यात माझं कर्तृत्व शून्य होतं. मी त्याला तीनताल शिकवला. २०२४ च्या डिसेंबरात झाकीरभाई गेल्याची बातमी आली. त्या गुरुवारी मुलाने काही न बोलता बँजोवर ती पाचवी तार एकटीच बराच वेळ वाजवत ठेवली. दाढीवाल्याने काय चाललंय म्हणून विचारलं नाही.

इथे हिवाळ्यात घर गरम करायची भट्टी लागली की हवा कोरडी होते आणि लाकूड आक्रसतं. माझी चीर पुन्हा उघडू नये म्हणून पेटीत भोकं पाडलेली साबणाची डबी ठेवते, आत ओला स्पंज. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, नुसत्या पेटीत ठेवलंयस? गवसणी नाही? मी म्हटलं, अगं पेटी चांगली आहे. ती गप्प बसली, म्हणजे पटलं नव्हतं. इंचांत मापं मागितली, मी पाठवली.

परवा पार्सल आलं. आजीच्या जुन्या इरकली लुगड्याची, आत गोधडीसारखे बारीक टाके घातलेली, नाडीची गवसणी. मँडोलिन आत घातलं तर तळाशी गडप झालं. वर हातभर कापड रिकामं. मी फोन केला.

“असू दे,” आई म्हणाली. “वाढतं माप ठेवलंय.”